पंच कुणाचा? कोयता, लवाद आणि भरपाईचा हिशोब

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. विषय आपल्या घरातला आहे.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं ओस पडायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, परळी, कुठलाही तालुका घ्या. ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नगरकडे आणि थेट कर्नाटकात जातात. पट्टा पडला की परत येतात. सगळीच येत नाहीत. कुणी ट्रॉलीखाली जातं, कुणाचा हात जायबंदी होतो, कुणाची गाडी रात्रीच्या रस्त्यावर उलटते.

मग बैठक बसते. मुकादम असतो, कारखान्याच्या शेतकी विभागाचा माणूस असतो, गावाकडून कुणी पुढारी गेलेला असतो. मयताचा भाऊ किंवा सासरा कोपऱ्यात बसलेला असतो. दोन-तीन तासांत आकडा ठरतो, बाँडवर सह्या होतात, प्रेत गावाकडे निघतं. याला आपण 'मिटवलं' म्हणतो.

माझा प्रश्न साधा आहे. हा आकडा ठरवणारा पंच कुणाचा? त्याचं त्या कारखान्याशी देणंघेणं काय? न्याय देणाऱ्याला त्या निकालात स्वतःचा नफा-तोटा नसावा, हे आपल्या पूर्वजांना कळत होतं, इंग्रजांच्या कोर्टाला कळलं, आपल्या सुप्रीम कोर्टाने वारंवार सांगितलं. ऊसतोड मजुराच्या मरणापाशी आलं की मात्र हा नियम आपण विसरतो. हा इतिहास म्हणूनच सांगतोय.

आधी आपलीच जुनी पद्धत. मराठेशाहीत वतनाचे, सीमेचे, मानपानाचे वाद गोतसभेपुढे, मजलसीपुढे चालायचे. फिर्याद करणारा तो अग्रवादी, समोरचा तो पश्चिमवादी. निवाडा सुरू होण्याआधी दोघांकडून 'राजीनामा' लिहून घेत. आज आपण नोकरी सोडायच्या चिठ्ठीला राजीनामा म्हणतो. तेव्हा त्याचा अर्थ होता राजी असल्याचं लिहून देणं: या सभेचा निवाडा आम्हाला मान्य राहील. म्हणजे पंच कोण आहेत हे बघून, राजी होऊन, मग वाद त्यांच्यापुढे. निवाडा झाल्यावर हरलेला 'यजितखत' लिहून द्यायचा.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती 'थळ' ही गोष्ट. थळ म्हणजे वाद जिथे चालायचा ती जागा. इथली सभा समोरच्याच्या नात्यागोत्यातली आहे, दबावातली आहे असं एखाद्याला वाटलं, तर तो दुसरं थळ मागायचा. आपल्या शेजारच्या पैठणसारख्या ठिकाणी लांबलांबून वाद नेले जात. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे ठाऊक होतं की जिथे समोरच्याचं वजन आहे, तिथे आपला निवाडा होऊ देऊ नये. ती व्यवस्था सगळ्यांसाठी न्यायाची होती असा माझा दावा नाही. जातीची उतरंड तिच्यात होतीच. पण पंचावर हरकत घेणं हा उद्धटपणा मानला जात नव्हता, एवढं नक्की.

न्यायाचा विषय निघाला की आपण रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव घेतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी थेट राघोबादादांना दोषी धरलं. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण तिच्यातून आपण एक चुकीचा धडा घेतो: माणूस चांगला असला की झालं. रामशास्त्री शतकात एखादा होतो. पंचाची नेमणूक करताना प्रत्येक जण रामशास्त्री निघेल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून नियम लागतो, आणि तो असा लागतो की ज्याचा हितसंबंध आहे त्याने बसूच नये, मग तो कितीही सज्जन असो.

हा नियम इंग्लंडमध्ये पक्का झाला तो एका कालव्याच्या कंपनीवरून. ग्रँड जंक्शन कॅनॉल नावाची कंपनी. डाइम्स नावाच्या माणसाशी तिचा जमिनीवरून वाद. निकाल कंपनीच्या बाजूने गेला आणि तो कायम करणारे होते लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम, म्हणजे देशातले सगळ्यात वरचे न्यायाधीश. नंतर उघड झालं की त्यांच्या नावावर त्याच कंपनीचे शेअर आहेत. १८५२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचा हुकूम रद्द केला. शेअरमुळे त्यांचं मन खरंच झुकलं असं कुणीही म्हणालं नाही, उलट तसं कुणाला वाटत नाही हेच नोंदवलं. तरी हुकूम टिकला नाही. गंमत म्हणजे पुन्हा गुणदोषांवर तपासणी झाली तेव्हा डाइम्स हरलाच, कारण खालच्या न्यायाधीशाचा निकाल बरोबर ठरला. म्हणजे निष्पक्ष पंच मागणं म्हणजे आपल्याच बाजूचा निकाल मागणं नव्हे. हरायचं तर शेअर नसलेल्या माणसाकडून हरू, एवढंच मागणं.

कंपनीच्या शेअरच्या जागी सहकारी साखर कारखान्याचं सभासदत्व ठेवून बघा. मुद्दा लगेच कळेल.

आपल्याकडचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, फक्त या अंगाने आपण त्याकडे बघत नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजींपुढे उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. जामीन मिळाला. १९०८ मध्ये पुन्हा राजद्रोहाचा खटला, आणि आता न्यायाधीशाच्या खुर्चीत तेच दावर. जामीन नाकारला. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं आणि दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मुंबईचे गिरणी कामगार त्यावर सहा दिवस संपावर गेले. एकेकाळी पक्षकाराचा वकील होता म्हणून न्यायाधीश आपोआप बाद होतो असं नाही. पण लोकांच्या मनात जो सल राहिला, तो त्या दोन भूमिकांमुळेही राहिला. न्याय झाला असं लोकांना वाटण्यासाठी खुर्चीतल्या माणसाचा मागचा संबंध महत्त्वाचा असतो.

स्वातंत्र्यानंतर याच मुद्द्यावर आपल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, १९५७ चा माणकलाल खटला. राजस्थानातल्या एका वकिलावर गैरवर्तनाची तक्रार होती. चौकशीसाठी तिघांचं मंडळ नेमलं. त्या मंडळाचे अध्यक्ष पूर्वी एका प्रकरणात तक्रारदाराचे वकील राहिलेले होते. कोर्ट म्हणालं, अध्यक्षांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण त्यांनी त्या मंडळावर असायला नको होतं. प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करायची गरज नाही. साध्या समंजस माणसाला तशी रास्त शंका येईल का, एवढंच बघायचं.

पण थांबा. इतकं सगळं बोलून कोर्टाने माणकलालांचं अपील फेटाळलं! का? तर अध्यक्षांचा जुना संबंध माहीत असून ते मंडळापुढे गप्प बसले, चौकशी चालू दिली आणि निष्कर्ष विरोधात गेल्यावर हरकत काढली. वेळेवर बोलला नाहीत म्हणजे तुम्ही तो हक्क सोडला. हा मुद्दा डोक्यात पक्का ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६९ चा क्रैपाक खटला तर आणखी बोलका. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेच्या निवडीसाठी मंडळ बसलं. त्या मंडळावर असलेला एक अधिकारी स्वतःच त्या निवडीत उमेदवार होता. त्याच्या नावाची चर्चा आली तेव्हा तो बाजूला झाला, बाकी नावांच्या वेळी बसला. सुप्रीम कोर्टाने अख्खी निवड रद्द केली. स्वतःच्या नावापुरतं खोलीबाहेर जाऊन भागत नाही. स्वतः त्याच रांगेत असणारा माणूस बाकीच्यांनाही निष्पक्षपणे तोलू शकत नाही.

७ मे १९९७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी स्वतःसाठी एक आचारसंहिता मान्य केली. त्यात स्पष्ट आहे: ज्या कंपनीचे शेअर आपल्याकडे आहेत तिचं प्रकरण न्यायाधीशाने ऐकू नये. ऐकायचंच तर आधी ते उघड सांगावं आणि कुणाची हरकत नसेल तरच पुढे जावं. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश स्वतःला हा नियम लावून घेतात. आपल्या बैठकीतल्या पुढाऱ्याला कुणी विचारतं का, दादा तुमच्या ट्रकचं वाहतुकीचं कंत्राट कुठल्या कारखान्याला आहे?

आता मजुरांच्या भरपाईकडे येऊ.

कामावर अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी हा कायदा आपल्या देशात १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून ब्रिटिश मुलखात लागू झाला. आपलं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. पुढे १९४८ ची पोलीस कारवाई, १९५६ मध्ये मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. साखरेची गोष्टही त्याच काळातली. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला. मग कारखान्यांची रांग लागली. ऊस पश्चिमेला, दुष्काळ आपल्याकडे. कोयता आपल्या हातात आला तो असा.

१९२३ चा कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: मालक आणि मयताची विधवा समोरासमोर बसले तर तो सौदा बरोबरीचा होत नाही. म्हणून त्यांनी मध्ये एक स्वतंत्र माणूस बसवला, नुकसानभरपाई आयुक्त. नाव आयुक्ताचं असलं तरी काम न्यायाधीशाचं. साक्ष घ्यायचे, कागद मागवायचे अधिकार दिवाणी कोर्टासारखे. २००९ च्या दुरुस्तीने पात्रता घातली: न्यायिक सेवेत किंवा वकिलीत किमान पाच वर्षं, किंवा तेवढाच अनुभव असलेला आणि कामगारविषयक ज्ञान असलेला राजपत्रित अधिकारी. निकाल चुकला तर कायद्याच्या मुद्द्यावर हायकोर्टात अपील.

त्या कायद्यातल्या काही तरतुदी प्रत्येक मुकादमाच्या टोळीत वाचून दाखवाव्यात अशा आहेत.

पहिली. मृत्यू झाला तर भरपाई वारसांच्या हातात परस्पर द्यायचीच नाही. ती आयुक्ताकडे भरायची, आणि आयुक्त वारसांत वाटणी करणार. मालक आगाऊ म्हणून जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम देऊ शकतो, बस. बाकी परस्पर दिलेले पैसे कायद्याच्या नजरेत भरपाई नाहीतच.

दुसरी. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. बाँडवर 'आमची कसलीही तक्रार नाही' असं लिहून अंगठा घेतला तरी हक्क जात नाही.

तिसरी. अपंगत्व आलेल्या कामगाराशी तडजोड करायची तर ती आयुक्ताकडे नोंदवावी लागते. रक्कम अपुरी आहे, फसवणूक झाली किंवा दबाव आणला असं दिसलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतो.

चौथी. अपघाताची बातमी मिळाली तर आयुक्त स्वतः मालकाला नोटीस काढून माहिती मागवू शकतो. मालकाने हात वर केले तर वारसांना, तुम्ही दावा करू शकता, असं कळवू शकतो. म्हणजे निष्पक्ष असणं आणि डोळे मिटून बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्यानेच सांगितलं.

आणि पाचवी, जी मला जुन्या थळाची आठवण करून देते. १९९५ च्या दुरुस्तीपासून दावा अपघात झाला तिथेच करायची गरज राहिली नाही. कामगार किंवा मयताचे वारस जिथे राहतात तिथेही करता येतो. अपघात कोल्हापुरात होऊ द्या नाहीतर बेळगावात, दावा बीडला. कारखान्याच्या अंगणातून वाद उचलून आपल्या दारात आणायची सोय कायद्याने दिली. किती कुटुंबांना हे माहीत आहे?

आता आकडा बघा. मयताचं वय ३०. केंद्र सरकारने ३ जानेवारी २०२० पासून हिशोबासाठी महिन्याच्या मजुरीची मर्यादा १५,००० रुपये ठरवली. मृत्यू झाला तर त्याच्या निम्मे, म्हणजे ७,५००. वय ३० साठीचा गुणक २०७.९८. गुणाकार करा: १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. मजुरी १०,००० धरली तरी १० लाख ३९ हजार ९००. एक महिन्यात रक्कम भरली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा.

मी बरीच वर्षं गावातल्या लोकांचे अर्ज, कागद लिहून देतो. एका घरात असाच एक बाँड पाहिला. रक्कम पाऊण लाख. त्यातूनही मुकादमाची उचल वळती केलेली. खाली साक्षीदार म्हणून सह्या तिघांच्या: मुकादम, कारखान्याचा एक कर्मचारी आणि आपल्याच भागातला एक पुढारी, ज्याची वाहनं त्याच कारखान्याला ऊस वाहत होती. तिघेही वाईट नव्हते. पुढाऱ्याने प्रेत आणायला स्वतःची गाडी दिली होती, घरचे आजही त्याचं नाव आदराने घेतात. पण त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता, ज्याचा पुढचा हंगाम त्या कारखान्यावर अवलंबून नव्हता. पंधरा लाखांचा हिशोब पाऊण लाखावर येतो तो असा. कुणी खलनायक लागत नाही त्याला.

आता लवादाबद्दल. काही जणांना राग येईल, पण शांतपणे वाचा.

ऊसतोड मजुरीचे दर ठरवायला आपल्याकडे वर्षानुवर्षं 'लवाद' आहे. एका बाजूला साखर संघ, दुसऱ्या बाजूला मजुरांच्या संघटना. बबनराव ढाकणे, मग गोपीनाथराव मुंडे यांनी या मजुरांना आवाज दिला, हे कुणी नाकारू शकत नाही. २०१४ मध्ये मुंडे साहेब गेल्यानंतर पंकजाताई मुंडे आणि जयंत पाटील यांची नावं लवाद म्हणून आली. ऑक्टोबर २०२० मध्ये मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक होऊन १४ टक्के वाढ ठरली. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजाताई यांच्या चर्चेतून ३४ टक्के वाढ झाली. वाढ झाली हे खरं, आणि ती मजुरांनी संप करून, दबाव आणून मिळवली हेही खरं.

पण 'लवाद' हा शब्द नीट तपासू. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाहेरचा माणूस. इथे बसणारे कोण? शरद पवार वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष. जयंत पाटलांच्या घराण्याचं नाव राजारामबापू कारखान्याशी जोडलेलं. ठीक आहे, ते कारखान्यांच्या बाजूने बसले असं समजू. मजुरांच्या बाजूने बसणाऱ्या पंकजाताई याही परळीच्या वैद्यनाथ कारखान्याच्या अध्यक्ष होत्या, आणि तो कारखाना मुंडे साहेबांनीच उभा केलेला. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना कारखाना आहे. मी कुणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. कॉटनहॅमच्या हेतूवरही कुणी ठेवलं नव्हतं. याला वाटाघाट म्हणा, समझोता म्हणा. पण तिसरा, कुठल्याच कारखान्याशी संबंध नसलेला माणूस नसेल तर त्याला लवाद म्हणायला मन धजत नाही.

दराच्या बाबतीत हे एकवेळ चालून जाईल, कारण दर हा सौदा आहे, आणि सौद्यात ताकद चालते. भरपाई हा सौदा नाही, तो हक्क आहे. ८ डिसेंबर २०१७ ला वैद्यनाथ कारखान्यात गरम रसाची टाकी फुटली, कामगार भाजले, काहींचे जीव गेले. कारखान्यातले कामगार वेगळे आणि तोडीवाले वेगळे, हे मला कळतं. तरी विचार करा: तेव्हा कारखान्याच्या अध्यक्ष, राज्याच्या मंत्री आणि ऊसतोड मजुरांच्या बाजूचं लवादातलं नाव, तिन्ही एकच. अशा वेळी एखाद्या घराला 'नेत्यांच्या मध्यस्थीने मिटवा' असं सांगितलं, तर नेत्याने कोणती टोपी घालून मध्यस्थी करायची? हा प्रश्न व्यक्तीचा नाही. उद्या तिथे दुसऱ्या पक्षाचा, दुसऱ्या आडनावाचा माणूस बसला तरी प्रश्न तोच राहणार.

व्यापारी करारांतल्या लवादाचा कायदा बघा, तिथे हे कधीच ओळखलं गेलं. २०१५ च्या दुरुस्तीने यादीच दिली: एका पक्षाचा नोकर, सल्लागार, धंद्यातला भागीदार लवाद होऊ शकत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की एकाच पक्षाने परस्पर लवाद नेमणं समानतेच्या तत्त्वात बसत नाही. कोट्यवधींची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना हे संरक्षण आहे. कोयता घेऊन जाणाऱ्या माणसाला बैठकीत कोण बसणार हे विचारायचीही सोय नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कारखान्यांचं म्हणणं असतं की मजूर आमचा नाही, मुकादमाचा आहे, वाहतूक कंत्राटदाराचा आहे. कायदा म्हणतो, कंत्राटदाराकडून करून घेतलेलं काम तुमच्याच धंद्याचा भाग असेल तर मूळ मालक म्हणून भरपाई तुम्ही द्या, नंतर कंत्राटदाराकडून वसूल करा. त्यावर कारखान्याचे वकील म्हणतात, अपघात आमच्या हद्दीत नाही, शेतकऱ्याच्या फडात झाला, रस्त्यावर झाला. हे मुद्दे पोकळ नाहीत, त्यावर खरंच वाद होऊ शकतो. काही दावे फेटाळलेही जातात. म्हणूनच तर निष्पक्ष न्यायाधीश हवा. त्याने मजुराच्या कणवेने कारखान्यावर अन्याय करू नये आणि कारखान्याच्या वजनाने मजुरावर करू नये.

बाईचा प्रश्न तर आणखी अवघड. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवऱ्याच्या नावावर. बाई गेली तर तिची मजुरी कागदावर कुठेच नसते. बैठकीत तर तिचा आकडा आणखी खाली येतो. न्यायाधीशापुढे निदान पुरावा देऊन सांगता येतं की मोळ्या तीही बांधत होती, गाडी तीही भरत होती.

आता नवी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. आयुक्ताच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' हा शब्द आला. आपल्या आमदार-खासदारांना विचारायचा प्रश्न हाच आहे: बीड जिल्ह्यासाठी हा सक्षम प्राधिकारी कोण, तो न्यायिक सेवेतला असणार का, आणि कारखान्याशी त्याचा काही संबंध असेल तर तो उघड करायचं बंधन त्याच्यावर असणार का?

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते सांगतो.

बैठकीत अंगठा देण्याआधी तिथे बसलेल्या प्रत्येकाला विचारा, तुमचं या कारखान्याशी नातं काय? सभासद आहात, वाहनं लावलीत, मुकादमी आहे, नोकरी आहे? विचारण्यात अपमान नाही.

आधी गुन्हा नोंदवा, पंचनामा आणि शवविच्छेदनाची प्रत घ्या. उचलीचे कागद, तोडीच्या चिठ्ठ्या, टोळीतल्या दोघांची नावं जपून ठेवा. ट्रॅक्टर-ट्रकचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही रस्ता असतो. मात्र दोन्हीपैकी एकच निवडता येतो, म्हणून आधी वकिलाला विचारा. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. नव्यातही उशीर करू नका. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना आणि कामगारांना तिथून मोफत वकील मिळू शकतो.

आणि दावा चालवणाऱ्या अधिकाऱ्याचा समोरच्याशी खरोखर संबंध असल्याचं कळलं, तर पहिल्याच तारखेला लेखी सांगा. माणकलाल आठवा. निकाल विरोधात गेल्यावर बोललात तर कोर्ट ऐकणार नाही. आणि उगाच संशयही घेऊ नका. आपल्याला आवडेल असा न्यायाधीश निवडायचा हक्क कुणालाच नाही. हक्क आहे तो फक्त हितसंबंध नसलेल्या माणसाचा.

नेत्यांनी मदत करू नये असं मी म्हणत नाही. गाडी द्या, दवाखान्यात फोन करा, प्रेत घरी आणा, वकील गाठून द्या. गाव त्याची जाण ठेवेलच. फक्त भरपाईचा आकडा तुम्ही ठरवू नका. तो ठरवायला कायद्याने दुसरा माणूस नेमलाय.

तुमच्या गावात अशा बैठका झाल्या असतील तर कमेंटमध्ये लिहा. नावं लिहू नका, ना कारखान्याचं ना कुटुंबाचं. फक्त एवढंच लिहा: किती रकमेवर मिटलं, आणि सही करणाऱ्यांपैकी किती जणांचा त्या कारखान्याशी संबंध नव्हता. आणि ही पोस्ट तुमच्या ओळखीच्या एका तरी टोळीपर्यंत पोहोचवा, दसऱ्याच्या आधी.